कंपनीचा पैसा आणि पक्षाचा प्रचार : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि भारत यांच्या कायद्यांची तुलना

15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, देणगीदाराचे नाव गुप्त ठेवून पक्षांना पैसे देऊ देणारी निवडणूक रोख्यांची योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. त्या निकालाने देणग्यांच्या गुप्ततेचा प्रश्न मिटवला, पण त्याच्या मागे उभा असलेला जुना प्रश्न जागचा हलला नाही. नफ्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीने राजकीय पक्षाला पैसे द्यावेत का, द्यायचे असतील तर किती आणि कोणाच्या संमतीने, आणि त्या पैशावर बंधन घातले तर ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचे बंधन ठरते का, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. कोणत्या पक्षाला किती कोटी मिळाले, या हिशेबावरच ती बहुधा संपते.

या विषयावर ज्याला स्वतःचे मत ठरवायचे आहे, मग तो विधी शाखेचा विद्यार्थी असो, कंपनीच्या वार्षिक सभेत मत देणारा भागधारक असो किंवा उद्या विधेयक आले तर आपल्या खासदाराला काय कळवावे असा विचार करणारा मतदार असो, त्याच्यापुढे आज चार नमुने आहेत. अमेरिकेत कंपनी संघीय पातळीवरील उमेदवाराला पैसे देऊ शकत नाही, पण स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा खर्च करू शकते. कॅनडात संघीय पक्षांना कंपन्यांनी देणगी देण्यास पूर्ण बंदी आहे. ब्रिटनमध्ये देणगीच्या रकमेवर मर्यादा नाही, मात्र भागधारकांची संमती लागते आणि पक्षाच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे. भारतात नफ्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत संचालक मंडळाच्या ठरावाने देणगी देता येते. या चारही व्यवस्थांकडे पाहताना एक भेद सतत मनात ठेवणे आवश्यक आहे, असे मला वाटते : स्वतःच्या नावाने बोलण्यासाठी केलेला खर्च वेगळा आणि दुसऱ्याच्या तिजोरीत टाकलेला पैसा वेगळा. कायदा हा भेद कुठे पाळतो आणि कुठे पुसून टाकतो, यावरच त्या व्यवस्थेची बरीचशी पारख होते.

अमेरिका : खर्चालाच भाषणाचे संरक्षण

अमेरिकेच्या बाबतीत आपल्याकडे असा समज आहे की तिथे कंपन्यांच्या पैशाला कधीच अटकाव नव्हता. वस्तुस्थिती उलटी आहे. 1904 च्या अध्यक्षीय निवडणुकीत न्यूयॉर्कच्या मोठ्या विमा कंपन्यांनी विमेदारांच्या पैशातून रिपब्लिकन पक्षाला देणग्या दिल्याचे पुढच्याच वर्षी एका विधिमंडळीय चौकशीत उघड झाले. त्या निवडणुकीत विजयी झालेले थिओडोर रूझवेल्ट यांनीच 1907 साली टिलमन कायद्यावर सही करून संघीय निवडणुकांत कंपन्यांनी देणग्या देण्यास बंदी घातली. ती बंदी आजही कायम आहे. 1947 च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने हे बंधन कामगार संघटनांनाही लावले आणि देणगीबरोबर प्रचारखर्चही त्याच्या कक्षेत आणला.

खरे वळण आले ते वॉटरगेट प्रकरणानंतर. 1974 साली अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, देणग्यांवर आणि खर्चावरही मर्यादा घातल्या, आणि 1976 साली बक्ली विरुद्ध व्हॅलिओ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादांची फाळणी केली. देणगीच्या बदल्यात काही पदरात पाडून घेण्याचा धोका असतो, म्हणून देणगीवरची मर्यादा वैध ठरली. मात्र एखाद्याने स्वतःचे मत लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी केलेला खर्च म्हणजे भाषणच, म्हणून खर्चावरची मर्यादा रद्द झाली. 1990 साली मिशिगन चेंबर ऑफ कॉमर्सच्या खटल्यात न्यायालयाने कंपन्यांपुरता अपवाद केला. कायद्याने दिलेल्या खास सवलतींमुळे कंपनीकडे संपत्तीचा जो प्रचंड साठा होतो, त्याला तिच्या मतांना असलेल्या जनसमर्थनाशी काही देणेघेणे नसते, आणि असा साठा निवडणुकीत ओतला गेला तर चित्रच विकृत होते, हा न्या. थर्गूड मार्शल यांचा युक्तिवाद होता.

वीस वर्षांनी, 21 जानेवारी 2010 रोजी, सिटिझन्स युनायटेड खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी हा अपवाद मोडीत निघाला. या खटल्यातील एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण बंधनाच्या बाजूने असलेल्यांना त्याचे उत्तर द्यावेच लागते. प्रकरण होते हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणाऱ्या एका चित्रपटाचे, आणि तो करणारी संस्था ना-नफा असली तरी कायद्याच्या दृष्टीने कंपनीच होती. मार्च 2009 मधील सुनावणीत न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारले की, हाच मजकूर पुस्तकरूपाने आला असता तर ते पुस्तकही अडवता आले असते का. कंपनीच्या तिजोरीतून त्याचा खर्च होणार असेल तर कायद्याच्या तर्कानुसार अडवता येईल, असे उत्तर आल्यावर सरकारची बाजू जवळपास तिथेच ढासळली. फेरसुनावणीत सरकारच्या वकील एलेना केगन यांनी ते उत्तर सौम्य करून पाहिले, पण उपयोग झाला नाही. बहुमताच्या निकालपत्रात न्या. अँथनी केनेडी यांनी म्हटले ते थोडक्यात असे : कोण बोलतो आहे हे पाहून सरकारने बोलण्यावर बंदी घालू नये. नागरी स्वातंत्र्यांसाठी लढणारी एसीएलयू ही संस्थाही या मुद्द्यावर सिटिझन्स युनायटेडच्याच बाजूने उभी होती, ही गोष्ट हा वाद केवळ डावे-उजवे असा मांडणाऱ्यांनी विसरू नये.

या निकालाबद्दल दोन गैरसमज पक्के बसले आहेत. निकालाने कंपन्यांना उमेदवाराच्या खात्यात पैसे भरण्याची मुभा दिली नाही. उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या स्वतंत्र खर्चालाच ती मिळाली. दुसरे म्हणजे, याच निकालात आठ विरुद्ध एक अशा मतांनी माहिती जाहीर करण्याची सक्ती वैध ठरली. केनेडींचा भरवसा त्या सक्तीवरच होता : कंपनी कोणासाठी पैसा खर्च करते हे भागधारकांना कळेल आणि पटले नाही तर ते कंपनीतच दाद मागतील.

हा भरवसा फोल ठरला, आणि अमेरिकी नमुन्याविषयीचा माझा मुख्य आक्षेप तत्त्वापेक्षा इथेच आहे. त्याच वर्षी स्पीचनाऊ प्रकरणात कनिष्ठ अपील न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ स्वतंत्र खर्च करणाऱ्या समित्यांना मिळणाऱ्या देणग्यांवरही मर्यादा घालता येणार नाही, आणि त्यातून सुपर पॅक नावाच्या समित्या जन्माला आल्या. सुपर पॅकला देणगीदारांची नावे जाहीर करावी लागतात, पण तिला पैसा देणारी एखादी ना-नफा संस्था असेल तर त्या संस्थेचे देणगीदार पडद्याआडच राहतात. उमेदवाराचे जुने सहकारीच समिती चालवत असतील तर ‘स्वतंत्र’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही, ही गोष्ट वेगळीच. मोंटानासारख्या राज्याने खाणमालकांनी राजकारण विकत घेतल्याच्या अनुभवातून 1912 साली केलेला कायदाही 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर सुनावणी न घेता बाजूला सारला. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. सुपर पॅकमधला सर्वांत मोठा पैसा नामवंत कंपन्यांचा नसून अतिश्रीमंत व्यक्तींचा असतो. 2024 च्या निवडणुकीत एकट्या इलॉन मस्क यांनी 25 कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. ग्राहक दुरावण्याची भीती कंपनीला असते, अब्जाधीशाला तेवढी नसते. म्हणून ‘कंपन्यांना रोखा’ एवढ्याने पैशाचा प्रभाव कमी होईल असे मानणाऱ्याने अमेरिकेचा हा अनुभव जरूर पाहावा.

कॅनडा : बंदी, पण रिकाम्या हाताने नव्हे

कॅनडाने संघीय पक्षांना कंपन्या व कामगार संघटना यांच्याकडून मिळणाऱ्या देणग्यांवर आधी 2004 मध्ये कडक मर्यादा आणि मग 2007 पासून पूर्ण बंदी घातली. आज तिथे व्यक्तीलाही एका पक्षाला वर्षाला दोन हजार कॅनेडियन डॉलरपेक्षा कमीच रक्कम देता येते. बंदीसोबत पक्षांच्या व उमेदवारांच्या खर्चावर मर्यादा आहे, लहान देणगीदाराला करात भरघोस सवलत आहे आणि निवडणूक खर्चाचा काही भाग सरकारी तिजोरीतून परत मिळतो. सुरुवातीची काही वर्षे पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात अनुदानही मिळत असे; ते पुढे 2015 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाले.

भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न तिथेही न्यायालयात गेला, पण निकाल अमेरिकेच्या उलट लागला. 2004 सालच्या हार्पर विरुद्ध कॅनडा या खटल्यात उमेदवार किंवा पक्ष नसलेल्या त्रयस्थांच्या निवडणूक जाहिरातखर्चावरची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. धनवंतांचा आवाज एवढा मोठा होऊ नये की इतरांचे म्हणणे मतदाराच्या कानावरच पडणार नाही, या विचाराला तिथे घटनात्मक मान्यता मिळाली. खटला दाखल करणारे स्टीफन हार्पर पुढे पंतप्रधान झाले आणि 2007 ची बंदी त्यांच्याच सरकारने आणली, हा योगायोगही लक्षात राहण्यासारखा आहे.

बंदीला पळवाट असते, आणि ती क्विबेक प्रांताने दाखवून दिली. त्या प्रांतात कंपन्यांच्या देणग्यांवर 1977 पासूनच बंदी होती. तरीही बांधकाम आणि अभियांत्रिकी क्षेत्रातल्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या नावाने पक्षांना पैसे देत आणि ती रक्कम त्यांना परत करत, हे शार्बोनो आयोगाच्या चौकशीत समोर आले. प्रांताने व्यक्तीच्या देणगीची मर्यादाच वर्षाला 100 डॉलरवर आणून हा मार्ग बुजवला. ब्राझीलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली कंपन्यांच्या देणग्या घटनाबाह्य ठरवल्यावर दोनच वर्षांत निवडणुकांसाठी मोठा सरकारी निधी उभारावा लागला. बंदीची बाजू घेणाऱ्याने करदात्याच्या पैशातून पक्ष चालवण्याची तयारी ठेवलेली बरी, कारण पक्ष हवेवर चालत नाहीत.

भारतानेही हा प्रयोग केलेला आहे, तोही पर्यायी व्यवस्था न करता. 1969 साली इंदिरा गांधी सरकारने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदी घातली. उद्योगपतींचा पैसा राजगोपालाचारींच्या ‘स्वतंत्र’ पक्षासारख्या विरोधकांकडे जाऊ नये हा त्यामागचा एक हेतू होता, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. बंदी आली, पण सार्वजनिक निधी आला नाही, पक्षांच्या खर्चाला मर्यादा आली नाही आणि परवाने व कोटा यांची सत्ता मात्र मंत्र्यांच्या हातीच राहिली. परिणामी पैसा थांबला नाही. तो चेकवरून ब्रीफकेसमध्ये गेला. 1985 साली राजीव गांधी सरकारने बंदी उठवली तेव्हा ती सोळा वर्षांची सवय बरोबर उठली नाही. आज भारतात पुन्हा बंदी मागणाऱ्यांची नैतिक बाजू मला समजते, पण या सोळा वर्षांचे स्पष्टीकरण त्यांनी दिल्याखेरीज ती मागणी मला मान्य करता येत नाही.

ब्रिटन : मालकांना विचारा, खर्चाला कुंपण घाला

ब्रिटनच्या व्यवस्थेत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे भागधारकांची संमती. बारा महिन्यांत 5,000 पौंडांपेक्षा अधिक राजकीय देणगी द्यायची असेल तर कंपनीला भागधारकांचा ठराव आधी मंजूर करून घ्यावा लागतो. कंपनी ही संचालकांची खासगी मालमत्ता नाही, आणि भागधारकाच्या पैशातून त्याच्या नावावर राजकीय मत मांडले जात असेल तर निदान त्याला विचारले जावे, हा साधा न्याय त्यामागे आहे. भाषणस्वातंत्र्याच्या दृष्टीनेही ही अट जड नाही, कारण ती बोलण्यावर बंदी घालत नाही, बोलणारा नेमका कोण हे निश्चित करते. दुसरी गोष्ट म्हणजे मागणीच्या बाजूने घातलेले कुंपण. 2000 सालच्या कायद्याने पक्षांच्या देशव्यापी प्रचारखर्चावर कमाल मर्यादा आणली, आणि दूरचित्रवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करण्यास तिथे आधीपासूनच बंदी आहे. 2013 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही जाहिरातबंदी नऊ विरुद्ध आठ अशा निसटत्या बहुमताने वैध ठरवली, यावरून प्रश्न किती चुरशीचा आहे हे दिसते.

त्रुटीही ढोबळ आहेत. देणगीला वरची मर्यादा नसल्याने एखादा धनिक पक्षाचा मोठा वाटा एकटा उचलू शकतो. शिवाय ब्रिटनमध्ये नोंदणी झालेली आणि तिथे व्यवसाय करणारी कंपनी देणगी देऊ शकत असल्याने, तिची मालकी परदेशात असली तरी ती कायद्याच्या चौकटीत बसते.

भारत : चागलांचा इशारा, ‘सकाळ’चा निकाल आणि कलम 182

आपल्याकडच्या वादाची सुरुवात मुंबईत झाली, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. 1957 साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजात, दुरुस्ती करण्याची परवानगी मागितली, एका भागधारकाने तिला विरोध केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. चागला यांच्यापुढे आले. तेव्हाच्या कायद्यात अडवण्याजोगे काही नसल्याने चागलांनी परवानगी कायम ठेवली. मात्र ती देताना त्यांनी असा स्पष्ट इशारा दिला की, मोठ्या कंपन्यांचा पैसा राजकारणात येऊ लागला तर तो लोकशाहीचा गळा घोटू शकेल आणि संसदेने याचा वेळीच विचार करावा. 1960 च्या दुरुस्तीने सरासरी नफ्याच्या पाच टक्के किंवा 25,000 रुपये यांपैकी जी अधिक असेल ती मर्यादा घातली. 1969 ची बंदी आणि 1985 चे पुनरागमन वर आलेच आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 182 ने मर्यादा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर नेली आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात नावानिशी दाखवणे बंधनकारक केले.

2017 च्या वित्त कायद्याने ही मर्यादाही काढली आणि नाव सांगण्याची सक्तीही. जानेवारी 2018 मध्ये निवडणूक रोखे आले. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने आपले आक्षेप आधीच लेखी कळवले होते. मर्यादा गेल्याने तोट्यातली कंपनीसुद्धा वाटेल तेवढी देणगी देण्यास मोकळी झाली; जिला नफाच नाही तिने दिलेला पैसा नेमका कोणाचा, हा प्रश्न कायद्याने विचारायचेच सोडून दिले. न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपशिलात एप्रिल 2019 पासूनच्या काळातले 12 हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे रोखे दिसले. त्यांतील सुमारे 6,060 कोटी भारतीय जनता पक्षाकडे गेले होते, आणि एका लॉटरी कंपनीने एकटीने 1,368 कोटी रुपयांचे रोखे घेतले होते.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. भारतात कंपनीला भाषणस्वातंत्र्य आहे का? राज्यघटनेतील कलम 19 चे हक्क नागरिकांना आहेत, आणि कंपनी ही नागरिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केले. वृत्तपत्रांच्या खटल्यांत मात्र भागधारक आणि संपादक यांच्यामार्फत हा हक्क मागता येतो, हेही मान्य झालेले आहे. त्यांतला 1961 सालचा निकाल पुण्याच्या ‘सकाळ’ने मिळवला होता. वृत्तपत्राची पाने आणि किंमत यांचे प्रमाण ठरवून देणारा केंद्राचा आदेश लहान वृत्तपत्रांना वाव मिळावा म्हणून आहे, हा सरकारचा दावा घटनापीठाने अमान्य केला. एकाच्या भाषणस्वातंत्र्याला कात्री लावून दुसऱ्याला बळ देणे कलम 19 च्या दुसऱ्या उपकलमात बसत नाही, असे न्या. जे. आर. मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालपत्राचे सार आहे. 1972 मध्ये बेनेट कोलमन प्रकरणात बहुमताने हीच दिशा राखली. भाषणस्वातंत्र्य ऐकणाऱ्याचेही असते, हा न्या. के. के. मॅथ्यू यांचा विचार भिन्नमताच्या निकालपत्रातच राहिला. म्हणजे केनेडींनी 2010 साली जो तर्क मांडला, त्याच्याशी नाते सांगणारा तर्क आपल्याकडे अर्धशतकापूर्वीच मान्य झाला होता. देणग्यांवरच्या मर्यादेला विरोध करणाऱ्याच्या हाती भारतात यापेक्षा भक्कम आधार नाही, आणि तरीही तो वापरलेला फारसा दिसत नाही.

तो आधार कुठवर पोहोचतो? माझ्या मते, देणगीपर्यंत नाही. ‘सकाळ’चा हक्क स्वतःची पाने छापण्याचा होता, पक्षाच्या खात्यात रक्कम भरणारी कंपनी स्वतः काहीच बोलत नाही. 2024 च्या निकालाने हे अधिक रोखठोकपणे सांगितले : कंपन्यांच्या देणग्या हा मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला व्यवहार असतो, त्यामुळे व्यक्तीला आणि कंपनीला, तसेच नफ्यातल्या आणि तोट्यातल्या कंपनीला, एकाच मापाने मोजणे मनमानीचे ठरते. म्हणूनच 2017 मध्ये काढलेली नफ्याशी बांधलेली मर्यादा या निकालाने पुन्हा लागू झाली. व्यक्तीच्या राजकीय संलग्नतेची गोपनीयता न्यायालयाने मान्य केली, पण पक्षाला कोण पैसा पुरवतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क कलम 19(1)(अ) मधूनच येतो, हेही तितक्याच ठामपणे म्हटले. अमेरिकेत खुलाशाची सक्ती ही भाषणावरची थोडीशी तोशीस समजून सहन केली जाते. भारतात ती मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. दोन्ही देशांतील वाद सरसकट एकाच साच्यात बसवणाऱ्या लेखांत हा फरक हरवतो.

मात्र आपला कायदाही निर्दोष नाही. कलम 182 च्या दुसऱ्या पोटकलमानुसार पक्षाच्या स्मरणिकेत दिलेली जाहिरात ही देणगी धरली जाते, ते योग्यच आहे. पण पक्षाला लाभ होईल अशा प्रकाशनातील जाहिरातीवरचा खर्चही तिथेच देणगीत मोजला जातो. म्हणजे देणे आणि बोलणे यांतला भेद आपल्या कायद्याने पुसून टाकला आहे. दुसरीकडे, उमेदवाराच्या लेखी संमतीविना त्याच्या विजयासाठी पैसे खर्च करणे हा 1920 पासून गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 171-एच मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 मध्ये ही तरतूद असून सवलत केवळ दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला आहे. स्वतःच्या खर्चाने पन्नास पत्रके छापून वाटणारा सामान्य नागरिकही कागदोपत्री त्यात अडकू शकतो, आणि हजारो कोटी उधळणाऱ्या पक्षाला मात्र खर्चाची मर्यादाच नाही. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत 95 लाख रुपयांची मर्यादा आहे. 1974 साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्या मर्यादेत धरला, तेव्हा काही आठवड्यांतच वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. 2003 च्या दुरुस्तीने ती सूट नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती आवळली, तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही मोकाट आहे.

निवड करताना

ज्याला भाषणस्वातंत्र्य सर्वांत मोलाचे वाटते, त्याने अमेरिकी नमुन्यातला खर्चाचा भाग घ्यावा, पण पडद्याआडच्या संस्था वगळून. कंपनीला करधोरणावर, कामगार कायद्यावर किंवा एखाद्या प्रकल्पावर स्वतःच्या नावाने पूर्ण पान जाहिरात द्यायची असेल तर ती तिला देता यावी, निवडणुकीच्या काळातही. ज्याला समता अधिक महत्त्वाची वाटते, तो कॅनडाकडे झुकेल, आणि त्याने सार्वजनिक निधीचे विधेयकही सोबत मागावे. माझा कौल भारताची मर्यादा, ब्रिटनची संमती आणि दोघांहून जलद खुलासा अशा मिश्रणाला आहे. नफ्याशी बांधलेली साडेसात टक्क्यांची मर्यादा नाममात्र कंपन्यांमार्फत पैसा फिरवणे अवघड करते, म्हणून ती राहावी. तो आकडा बराच मोठा आहे आणि कमी झाला तर हरकत नाही.

संमतीबाबत एक अडचण आहे. विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात संचालक मंडळाऐवजी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या ठरावाची शिफारस केली होती. ती अद्याप कायद्यात आलेली नाही. आली तरी भारतात अनेक कंपन्यांत प्रवर्तकांकडेच, म्हणजे कंपनी उभी करून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्यांकडेच, निम्म्याहून अधिक समभाग असतात, त्यामुळे साधे बहुमत हा केवळ उपचार ठरेल. प्रवर्तक वगळून उरलेल्या भागधारकांचे बहुमत, अशी अट असेल तरच त्या ठरावाला वजन येईल. तसे झाले तर प्रश्न एलआयसी आणि म्युच्युअल फंडांकडे येतो, कारण उरलेल्या समभागांचा मोठा वाटा त्यांच्याकडे असतो. दरमहा एसआयपी भरणारा पुण्याचा किंवा नाशिकचा नोकरदार हा अशा कितीतरी देणग्यांचा नकळत हिस्सेदार असतो. फंडाने कंपनीच्या ठरावांवर कसे मत दिले ते फंडाच्या संकेतस्थळावर पाहता येते. राजकीय देणगीचा ठरावच सभेपुढे येत नसल्याने त्या यादीत तो सापडत नाही.

कंपन्यांकडून देणग्या गोळा करून त्या पक्षांना वाटणाऱ्या इलेक्टोरल ट्रस्टचा पर्यायही या संदर्भात तपासावा. टाटा समूहाने असा पहिला प्रयोग 1996 मध्ये केला आणि सरकारची योजना 2013 मध्ये आली. मिळालेल्या देणग्यांपैकी किमान 95 टक्के रक्कम त्याच वर्षी पक्षांना वाटण्याची अट तिच्यात आहे. ट्रस्टला कोणी दिले आणि ट्रस्टने कोणाला दिले, हे दोन्ही जाहीर होते. मात्र अनेक कंपन्यांचा पैसा एकत्र झाल्यावर कोणत्या कंपनीचा रुपया कोणत्या पक्षाकडे गेला हे त्यातून कळत नाही. रोख्यांपेक्षा ही व्यवस्था कितीतरी बरी आहे, तरी मतदाराला हवी ती जोडणी ती देत नाही.

राहता राहिला खुलाशाचा वेग, आणि सुधारणांच्या क्रमात मी तो सर्वांत आधी ठेवीन, कारण त्यासाठी ना घटनेचा नवा अर्थ लावावा लागतो, ना सरकारी तिजोरीतून पैसा काढावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29-क नुसार पक्षांनी 20,000 रुपयांवरच्या देणग्यांचा अहवाल आर्थिक वर्ष संपल्यावर, प्राप्तिकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत द्यायचा असतो. एप्रिल 2024 मध्ये, लोकसभेचे मतदान सुरू असताना दिलेली देणगी 2024-25 या वर्षात पडते. तिची नोंद असलेला अहवाल 2025 मध्ये, म्हणजे त्या निवडणुकीतून आलेले सरकार वर्षभर कारभार करून झाल्यावर, दाखल होतो. ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीच्या प्रचारकाळात पक्षांना दर आठवड्याला मोठ्या देणग्या कळवाव्या लागतात, आणि अमेरिकेत मतदानाच्या तोंडावर केलेला मोठा स्वतंत्र खर्च 24 तासांत. आपल्याकडे बँकेतले व्यवहार सेकंदात होतात, कंपन्यांनी पक्षांना रोखीने देणगी देण्यास मनाई आहे, त्यामुळे ही माहिती मतदानापूर्वी देता येणार नाही असे म्हणायला तांत्रिक कारण उरलेले नाही; कलम 29-क मधली मुदत बदलण्यासाठी संसदेचे साधे बहुमत पुरते.